परतीपुरतं बळ

५ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी आज दोन वह्या दिल्या. एक यंत्राच्या नोंदींसाठी. दुसरी गठ्ठ्यात जास्तीची आली होती. "ठेवा तुम्हाला, मिस्त्री," म्हणाल्या. यंत्राच्या वहीत वजन, तेलपाणी, साखळीचा ताण असलं लिहायचं. तिथं न शोभणारं इथं लिहीन म्हणतो. छप्पन्न वर्षांत कधी दैनंदिनी लिहिली नाही, तेव्हा कुणी वाचलीच तर हसू नये.

यंत्र मीच बनवलंय. मी जिथं अपंगांच्या खुर्च्या दुरुस्त करतो त्या पुनर्वसन केंद्राच्या अडगळीत व्यायामाची एक जुनी सायकल पडली होती. तिचं जड चाक काढून टेबलावर बसवलं आणि पायडलच्या जागी हाताच्या मुठी लावल्या. चाकाभोवती पट्टा, पट्ट्याला वजन टांगायचं, म्हणजे चाक जड होतं. माणसानं आपल्या चाकांच्या खुर्चीवर बसूनच समोर यायचं आणि हातांनी चाक फिरवायचं. तीस सेकंद, जास्त नाही. पण ते असे, की मागे वाघ लागलाय.

बाई औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हेत. माणसाच्या अंगातली ताकद कशी खर्च होते याचा त्यांचा अभ्यास. त्या म्हणाल्या, दूरवर सावकाश जाण्याचं बळ वेगळं, ते श्वास घेत घेत पुरवून वापरता येतं. आणि श्वासाची वाट न बघता एका झटक्यात बाहेर पडतं ते बळ वेगळं. आमच्याकडे येणाऱ्यांचं हे दुसरं बळ आजवर कुणी मोजलेलं नाही. शर्यतीच्या संघात कुणाला घ्यायचं ते अंदाजपंचे ठरतं. दिसायला धट्टाकट्टा तो आत, किडकिडीत तो बाहेर. आता आकड्यावर ठरेल. हे मला फार आवडलं. वजनकाट्याला कुणाची ओळख लागत नाही.

घरी अक्काला सांगितलं. अक्का माझी थोरली बहीण. पाचव्या वर्षी तापात दोन्ही पाय गेले. चोपन्न वर्षांची होईपर्यंत कुबड्यांवर चालली, मग खांद्यांनी राम म्हटला आणि चाकांची खुर्ची आली. छापखान्याची मुद्रितं तपासते, घरी बसून. हातातली लाल पेन्सिल खाली ठेवून तिनं विचारलं, "फक्त हातांनी?"

"फक्त हातांनी."

"माझ्यासारखीला चालेल का रे ते यंत्र?"

मी म्हटलं, "तुला कशाला ही दगदग? मी आहे ना."

तिनं पेन्सिल उचलली आणि कामाला लागली.

९ जानेवारी

जे दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं ते आधी आपण चाखून बघावं, म्हणून पहिली चाचणी माझीच. पाच मिनिटं हलकं फिरवून अंग तापवलं. मग बाईंनी "तीन, दोन, एक" म्हटलं आणि वजन सोडलं. पहिले पाच सेकंद मी मोठ्या तोऱ्यात होतो. दहाव्याला हात शिशाचे झाले. विसाव्याला वाटलं, घड्याळ बंद पडलंय. संपल्यावर बाहेर जाऊन नळापाशी सकाळचा चहा ओकून आलो.

बाई खूश! म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही काहीच राखून ठेवलं नाहीत." आणि यंत्राशेजारी निळी प्लास्टिकची बादली आणून ठेवली.

वहीत तीन आकडे लिहायचे. सर्वांत वर किती वॉट गेलं तो पहिला. तीस सेकंदांची सरासरी हा दुसरा. आणि वरून खाली किती टक्के आलं ती घसरण. गंमत म्हणजे इथं घसरण मोठी असणं चांगलं. ज्यानं सगळं ओतलं तो शेवटी घसरणारच. माझी घसरण अठ्ठावन्न टक्के. एरवी आयुष्यात जी घसरण झाली तिचं कुणी कौतुक केलं नाही.

१४ जानेवारी

आज मास्तर. गणिताचे मास्तर, मानेला मार लागल्यापासून पायही गेले आणि बोटंही वळत नाहीत. त्यांचे हात मी पट्टीनं मुठींना बांधले. मनात म्हटलं, कसलं चाक फिरवणार हे. पण गडी असा भिडला! मान लाल, डोळे मिटलेले, खांद्यांनी हात फेकत होते. वरचा आकडा फक्त बासष्ट वॉट. माझ्यातून त्यापेक्षा चौपटीनं जास्त निघाले होते. पण घसरण एक्कावन्न. संपल्यावर बादलीत तोंड घालून ओकले, आणि तोंड पुसायच्या आधी विचारलं, "किती?" बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "लग्नात इतकं जीव तोडून कधी नाचला नाहीत."

बासष्ट वॉट म्हणजे एका दिव्यापुरतं. पण तो दिवा मी पाहिला. वहीत लिहिताना आकड्याखाली रेघ मारली. बाईंनी विचारलं, रेघ कशाला? म्हटलं, चुकून.

१७ जानेवारी

घरातल्या दारांच्या चौकटींचा रंग पुन्हा उडालाय. दोन्ही बाजूंना, कमरेएवढ्या उंचीवर, लाकूड अगदी गुळगुळीत. टेबलाची कडाही तशीच. गेल्याच वर्षी रंगवलं होतं. रंगारी पाणी घालतो रंगात, दुसरं काय. उद्या सुट्टी आहे, डबा आणून स्वतःच मारतो.

१९ जानेवारी

आज सकाळी माझी फजिती झाली. केंद्राचं फाटक नवाच्या ठोक्याला बंद होतं. मी सायकलवर, घाईत. मागून आवाज आला, "काका, बाजूला!" आणि उजवीकडून शिंपीणबाई खुर्चीवरून सणसणत पुढं गेली. शेवटच्या चाळीस-पन्नास पावलांत तिनं मला असं मागं टाकलं, की पहारेकरी माझ्याकडे बघून हसला.

ही एकतीस वर्षांची. अपघातात कमरेखालचं गेलं. एकटी राहते, हातानं फिरवायच्या शिलाई यंत्रावर कपडे शिवते. तिनं बजावलंय, "मला अहोजाहो करायचं नाही." गेल्या वर्षी ती माझ्या कार्यशाळेत आली होती आणि खुर्चीच्या मागच्या दोन्ही दांड्या कापून द्या म्हणाली होती. ज्यांना धरून मागचा माणूस खुर्ची ढकलतो त्या. मी म्हटलं, लोक सोय मागायला येतात, तू गैरसोय मागायला आलीस. ती म्हणाली, "काका, रस्त्यात कुणीही येतं आणि न विचारता ढकलायला लागतं. तुमची मान धरून कुणी चालवलं तर?" कापून दिल्या. पटलं मात्र नव्हतं.

तिला छोट्या अंतराच्या शर्यतीच्या संघात जायचंय. संघासाठी सरासरी दीडशे वॉट हवेत. प्रत्येकाला दोनदा संधी, मध्ये किमान आठवडा, आणि यादी आठ फेब्रुवारीला जाणार. सकाळचा प्रकार बघून मी बाईंना पैजेवर सांगितलं, दोनशेला हात लावेल.

२३ जानेवारी

तोंडावर पडलो. शिंपीणबाईची सरासरी एकशे अठरा.

वरचा आकडा एकशे अठ्ठावीस, खालचा एकशे तेरा. घसरण बारा टक्के! कागदावर रेघ अशी सपाट, की तिच्यावर पाण्याचा पेला ठेवावा. बादलीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. घाम टिपला, पिशवी मांडीवर घेतली, "पुन्हा येते," म्हणाली आणि निघून गेली. तोंड एवढंसं झालं होतं.

मला पीछेहाट सोसत नाही, दुसऱ्याचीही. जी बाई सायकलला मागं टाकते ती एकशे अठरा? यंत्रात खोट आहे.

२६ जानेवारी

यंत्र उघडलं. साखळी, छरे, पट्टा सगळं तपासलं. टांगायची वजनं तीन काट्यांवर मोजली. फिरक्या मोजणारं लोहचुंबक काढून पुन्हा बसवलं. पुन्हा स्वतः बसलो, पुन्हा ओकलो. घसरण सत्तावन्न. यंत्र चोख आहे. याचा मला आनंद व्हायला हवा होता.

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, यंत्र खोटं बोलत नाही."

"मग काय शिंपीण खोटं बोलते?"

घरी यायला आठ वाजले. अक्काला संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत वीस मिनिटं फिरवून आणायचा माझा नियम आहे, तो आजही बुडला. या आठवड्यात तिसऱ्यांदा. ती कधीच काही म्हणत नाही, म्हणून बरं आहे.

२९ जानेवारी

आज माझ्या जिभेला हाड नव्हतं. शिंपीणबाई खुर्चीच्या चाकातला छरा बदलायला कार्यशाळेत आली. मी सरळ विचारलं, "रस्त्यावर एवढी पळतेस आणि यंत्रावर अंग का चोरतेस?"

तिचा चेहरा उतरला. "अंगचोर? मी?" सकाळी पाचला उठून स्वतःला खुर्चीत घेणारी, दिवसभर यंत्राचा दांडा फिरवणारी बाई ती. मला बोलल्याक्षणी कळलं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि नळातून गेलेलं पाणी, दोन्ही परत येत नाहीत.

ती म्हणाली, "छरा नको बदलायला. सहा तारखेलाही येत नाही मी. नाव खोडा."

नाव खोडलेलं नाही. बाईंनाही सांगितलेलं नाही. लाज वाटतेय.

३० जानेवारी

अक्कानं ताडलं. जेवताना म्हणाली, "दोन दिवस मीठ आहे की नाही तेही सांगत नाहीस. काय झालं?" सगळं सांगितलं. सपाट रेघ, बारा टक्के, माझी जीभ, सगळं. तिनं कागदावर रेघ काढून दाखवायला लावली. मुद्रित तपासावं तशी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

मग विचारलं, "ती घरी कशी जाते?"

"कशी म्हणजे? स्वतःच. दोन मैल असेल. वाटेत पुलाचा चढ आहे."

"बरोबर कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग ती जीव कसा तोडेल, बाळ?" मी छप्पन्नचा, तरी बाळ. "तिला हातच पाय आहेत. ते तुमच्या त्या तीस सेकंदांत संपले, तर तोडलेला जीव घरापर्यंत कोण नेणार? पुलाखाली बसून राहायचं? घरी गेल्यावर पलंगावर कशानं चढायचं? अशा माणसाला आतून सवयच लागते. हातात परतीपुरतं बळ नेहमी ठेवायचं. कुणी कितीही सांगो, जीव खाऊन मार, हात ऐकत नाहीत. ते अंग चोरत नाहीत. ते घराचा विचार करतात."

मी घास हातात घेऊन बसलो. इतकी वर्षं खुर्च्या दुरुस्त करतोय आणि हे मला सुचलं नाही! अक्काला असं काहीबाही बरोबर सुचतं. दिवसभर एकटी बसून विचार करायला वेळ मिळतो तिला.

३१ जानेवारी

सकाळी पहिलं काम, यंत्राची वही काढली. आजवर बारा जणांच्या चाचण्या झाल्या. कुणाबरोबर घरचं माणूस आलं होतं आणि कोण एकटं आलं होतं, हे पहारेकऱ्याच्या नोंदीतून उतरवून घेतलं. सात जण बरोबर कुणीतरी घेऊन आले होते. सातांची घसरण चाळिसाच्या वर. पाच जण एकटे. पाचांचीही रेघ सपाट.

वही बाईंपुढं ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "मिस्त्री," म्हणाल्या, "मी वजन, उंची, झोप, जेवण सगळं विचारलं. घरी कसे जाणार हे नाही विचारलं." त्यांनी लगेच चाचणीच्या कागदावर सगळ्यांत वर एक ओळ वाढवली: आज घरी कोण नेणार आहे? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय वजन टांगायचं नाही. पाचही जणांना पुन्हा बोलवायचं, त्यांची ने-आण करायला केंद्राचं माणूस द्यायचं. आपली चूक अशी तोंडावर मान्य करणारे शिकलेले लोक मी कमी पाहिलेत. मला त्या फार मोठ्या वाटल्या.

हे कुणाला सुचलं म्हणून विचारलं. म्हटलं, घरी बोलता बोलता निघालं.

२ फेब्रुवारी

शिंपीणबाईच्या घरी गेलो. एक खोली, जमिनीला टेकलेला कट्टा, तिच्या हाताच्या उंचीला सगळं. दारातच म्हटलं, "माफ कर. माझं चुकलं." दुसरं काय म्हणणार. ती कापडाला टाके घालत राहिली.

मग अक्काचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिची सुई थांबली. म्हणाली, "एकदा झालं होतं, काका. पहिल्याच वर्षी. हौसेनं मैदानावर पळले, जिवाच्या आकांतानं. परतताना पुलाखाली हात उठेनात. चार तास बसले होते. लोक येऊन विचारायचे, पैसे हवेत का. त्यानंतर हात आपले आपणच थांबतात."

मी म्हटलं, "सहा तारखेला मी नेतो घरी. पलंगापर्यंत."

ती हसली. "कशाला धरून ढकलणार? दांड्या तर तुम्हीच कापल्यात."

खरंच की. दोघंही हसलो. मग मी म्हटलं, काढता-घालता येतील अशा दांड्या करून देतो, मागं दोन खोबण्या बसवतो. दांड्या तुझ्या पिशवीत राहतील. तू दिल्यास तरच कुणाच्या हातात जातील. तिनं दोरा दातांनी तोडला. मग म्हणाली, "हलक्या करा." जाताना छराही बदलून दिला.

६ फेब्रुवारी

लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दहा वाजता ती आली. बाईंनी कागदावरची पहिली ओळ वाचली, "आज घरी कोण नेणार आहे?" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी यंत्राच्या डाव्या बाजूला उभा राहिलो, तिला दिसेन असा.

तीन, दोन, एक. पहिल्याच फेऱ्यात टेबल हललं. माझं जड टेबल, बोल्ट मारलेलं! पाच सेकंद, दहा सेकंद. मी तोंडानं काय ओरडत होतो ते आठवत नाही, मास्तर म्हणतात शिव्या होत्या. पंधराव्या सेकंदाला तिचे हात नेहमीच्या जागी आले, जिथं ते थांबायचे. मला दिसलं ते. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच होतो. आणि तिनं उरलेलं सगळं सोडून दिलं. विसाव्याला दात ओठांत. पंचविसाव्याला चाक चिखलात रुतल्यासारखं. तिसाव्याला ती मुठींवर डोकं टेकून पडली, आणि बादली मी धरली.

वर दोनशे एकतीस. सरासरी एकशे त्रेसष्ट. घसरण पंचावन्न.

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तर, ज्यांची बोटं वळत नाहीत, त्यांनी दोन्ही मनगटं एकमेकांवर आपटून टाळ्या वाजवल्या. मी इतकी वर्षं यंत्रं बनवतोय. माणसानं यंत्राला असं हरवलेलं पाहिलं नव्हतं.

मग तिनं दातांनी पिशवीची साखळी उघडली, कारण बोटं चालत नव्हती, आणि म्हणाली, "काका, घ्या." मी पिशवीतून दांड्या काढल्या आणि खोबण्यांत बसवल्या.

पुलाचा चढ चढताना ती मागं रेलून बसली होती. "आज हात रजेवर," म्हणाली. मग विचारलं, "अक्कांची खुर्ची कसली आहे?"

मी फुशारकीनं सांगितलं. स्वतः बनवलीय, गादी मऊ, चारही चाकं लहान, गुळगुळीत पळतात, दांड्या बरोबर माझ्या उंचीच्या.

पुलाच्या टोकाशी तिनं मान मागं वळवली. "चाकं लहान का, काका? मग त्यांना स्वतःला कशी फिरवता येणार?"

"मी असतो ना ढकलायला."

"आणि नसता तेव्हा?"

तिला पलंगापर्यंत पोचवलं, पाण्याचा पेला हाताशी ठेवला आणि घरी आलो.

अक्का मुद्रितं तपासत होती. मी दारात उभा राहून चौकटीकडे बघितलं. तीन आठवड्यांपूर्वी मारलेला रंग पुन्हा उडाला होता. कमरेएवढ्या उंचीवर. बसलेल्या माणसाचा हात जिथं पोचतो तिथं. चौकट धरून अंग ओढायचं, मग टेबलाची कडा, मग पुढची चौकट. सकाळी आठपासून मी येईपर्यंत, सहा वर्षं.

रंगारी बिचारा.

७ फेब्रुवारी

सुट्टी टाकली. कशासाठी ते बाईंना सांगितलं नाही.

सहा वर्षांपूर्वी अक्कानं मला एकदाच विचारलं होतं, "चाकं मोठी नाही का बसणार?" मी म्हटलं होतं, दारातून जायची नाहीत. आज टेप घेऊन दार मोजलं. मोठी चाकं, बाहेरून हाताची कडी धरून, जातात. चार बोटं जागा उरते.

खिळासुद्धा मोजून ठोकणारा माणूस मी. घरचं दार मोजलं नव्हतं. ती कुठं जाऊन पडेल, तिला लागेल, मी नसताना काही होईल, ही भीती मला होती, आणि मी तिला माप म्हणून सांगितली.

अक्काला म्हटलं, "त्या दिवशी तू शिंपीणबाईबद्दल बोलत नव्हतीस."

ती म्हणाली, "तिच्याबद्दलही बोलत होते." मग लाल पेन्सिल कानाला लावून म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, तुझं नेहमीचंच आहे, बाळ."

मला रडू आलं. ती म्हणाली, "आता रडत बसू नकोस, चाकं किती इंचांची लावणार ते सांग."

१३ फेब्रुवारी

यादी लागली. शिंपीणबाईचं नाव तिसरं. सपाट रेघेच्या बाकी चौघांपैकी आणखी एक जण आत गेला. मास्तर विचारत होते, बासष्ट वॉटवाल्यांचा संघ कधी काढताय.

अक्काची खुर्ची पूर्ण झाली. चोवीस इंची चाकं, बाहेरून कडी, मागं दोन खोबण्या. दांड्याही केल्यात, काढता-घालता येणाऱ्या. तिच्या हातात दिल्या. तिनं त्या टेबलाच्या खणात ठेवल्या आणि खण लावून टाकला. घरात दहा चकरा मारल्या, तीनदा माझ्या पायावरून गेली. एकदाही माफी मागितली नाही.

२० फेब्रुवारी

सहाला घरी आलो. घरात कोणी नाही.

आधी सगळ्या खोल्यांत हाका मारल्या. मग टेबलावर बघितलं, मुद्रितांचा गठ्ठा नाही. म्हणजे छापखान्यात गेली. आजवर त्यांचा शिपाई येऊन न्यायचा. छापखाना चार गल्ल्या पलीकडे, आणि परतताना आमच्या गल्लीचा चढ. जाताना उतार असतो, उतारावर कुणीही शूर असतं. वय साठ, खांदे जुने.

खण उघडून पाहिला. दांड्या तिथंच आहेत. सोबत नेल्या नाहीत.

चपला घातल्या. काढल्या. पुन्हा घातल्या. तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, बोलावल्याशिवाय यायचं नाही. मग काय करू? चहा टाकला, दोन कप. गाळला. निवला. हात स्वस्थ बसेनात म्हणून ही वही काढली आणि खिडकीपाशी बसून लिहितोय.

पावणेसात. चढाच्या पायथ्याशी कुणीतरी आहे. तीच आहे. थांबलीय. मांडीवर नवा गठ्ठा दिसतोय. दोन्ही हात गठ्ठ्यावर ठेवून नुसती बसलीय. तिच्या हातांना माहीत आहे, अजून किती लागेल ते. मी खिडकीचा दिवा लावला.

तिनं वर बघितलं.

नंतर लिहितोय. तिनं कडी धरली आणि सुटली. मी खाली धावलो नाही. खिडकीत उभा राहून नकळत मोजत होतो, एक, दोन, तीन. दहापर्यंत मस्त. सतराला चाक दगडाला अडखळलं, माझा श्वास अडकला, तिचा नाही. बाविसाला खांदे कानांपर्यंत आले. अठ्ठाविसाव्या सेकंदाला खुर्ची आमच्या दारात, चार बोटं जागा ठेवून आत. अक्काचा चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले, दोन्ही हात बाजूला लोंबत होते, एक बोट हलत नव्हतं. असं मी तिला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. चपला घातलेला मी आणि दोन कप गार चहा, दोन्हींकडे तिनं बघितलं.

"आहेस ना घरात?" ती म्हणाली. "मग बाळ, आता बादली आण."